साधी गाठ, ४.६ सेंटीमीटर

रिपोर्ट सायंकाळी पाच ते सात या वेळेतच मिळतील. फोनवर सांगितले जाणार नाहीत. रविवार बंद.

*

वधू, सत्तावीस, पाच फूट तीन, बी. ई. कॉम्प्युटर, हिंजवडीत नामांकित कंपनीत नोकरी, रंग निमगोरा, स्वभाव शांत.

*

बग क्रमांक ४११७. तारीख निवडली की कॅलेंडर एक दिवस मागे जातं. गंभीरता: कमी. निर्णय: पुढच्या रिलीजमध्ये बघू.

*

एका बाजूला एक माप आणि दुसऱ्या बाजूला दुसरं, अशी ब्रा लक्ष्मी रोडवर मिळत नाही. मी तीन दुकानांत विचारलं. तिसऱ्या दुकानातली बाई म्हणाली, "मग दोन घ्या."

*

मामांची पाळी साडेचारला सुटते.

*

मुहूर्त आपण मानत नाही.

*

स्वभाव शांत, हे मामांनी लिहिलं.

*

या सगळ्याचा एकमेकांशी संबंध आहे. आता नीट सांगते.

मी पूर्णिमा रामटेके. मूळची वर्ध्याची, १९९७ पासून पुण्यात. सॉफ्टवेअर टेस्टर आहे, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या आणि त्यांची लेखी नोंद करायची. धायरीला श्रद्धाबरोबर भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहते. पुण्यात माझं माणूस म्हणजे रामदासमामा, आईचा धाकटा भाऊ. खडकीच्या कारखान्यात फिटर, तिथल्याच क्वार्टरमध्ये घर. बाबा गेल्यावर सगळे म्हणत होते, पोरीला डी. एड. करू द्या, लवकर हाताशी येईल. मामा वर्ध्याला आले, बैठकीत बसले आणि म्हणाले, "माझी भाची इंजिनिअर होईन. तुमाले विचारून नाही राहिलो, सांगून राहिलो." पहिली तीन वर्षं माझी कॉलेजची पुस्तकं त्यांच्या स्कूटरवरून आली. हे मी विसरलेले नाही. विसरले असते तर एवढा राग आला नसता.

२००४ च्या जुलैत आंघोळ करताना डाव्या स्तनात गाठ लागली. बोराएवढी, बोटाखालून सटकणारी. डॉ. विजयमाला यांनी हातानं तपासलं, सोनोग्राफी केली, सुई घालून पेशी काढून तपासायला पाठवल्या. फायब्रोॲडिनोमा निघाला. तरुण मुलींना होते ती साधी गाठ, कॅन्सर नव्हे. दीड सेंटीमीटर.

"काढायची नाही?" मी विचारलं.

"अशा गाठी काढत बसले तर पुण्यातल्या निम्म्या हॉस्टेलांना टाके घालावे लागतील. दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी कर. आहे तेवढी राहिली तर आपापल्या घरी सुखी राहा. वाढली तर रिपोर्ट घेऊन लगेच माझ्याकडे."

बरोबर सांगितलं होतं. डॉक्टरांबद्दल माझी काही तक्रार नाही.

सोनोग्राफी सेंटर सदाशिव पेठेत. तपासणीला मी शनिवारी जायचे, पण रिपोर्ट दोन दिवसांनी, संध्याकाळी पाच ते सात. कंपनीची बस मला आठ वाजता सिंहगड रोडला सोडते. म्हणून रिपोर्ट आणण्याचं काम मामांनी घेतलं. मामा पाळी सुटल्यावर स्कूटरनं पेठेत जायचे, पाकीट घ्यायचे, पार्किंगमध्ये उभ्यानंच फोडायचे आणि मला फोन करायचे.

"साधीच आहे. नॉर्मल."

मग रिपोर्ट मामांच्या फायलीत. मामांना फायलींचं वेड आहे. माझ्या बालवाडीच्या दाखल्यापासून सगळं क्रमांक टाकून, लाल टॅगनं बांधून कपाटात आहे.

ऑफिसात कुणी मला "टेस्ट पास झाली" म्हटलं की मी म्हणते, स्क्रीन दाखव. शब्दावर मी कुणाचं काही पास करत नाही. त्यावरून माझी चेष्टा होते. आणि २००५ ते २००६ मामांनी तीन वेळा फोनवर "नॉर्मल" म्हटलं आणि तिन्ही वेळा मी कागद मागितला नाही. आपल्या माणसाकडे कागद मागायचा नसतो, असं मला वाटत होतं. तिसऱ्या वेळी हाताला गाठ मोठी लागत होती. तरीसुद्धा मी हाताचं ऐकलं नाही, फोनचं ऐकलं.

*

२००६ चा एप्रिल. लग्न ठरलं होतं, साक्षगंधाचा ब्लाऊज शिवायला दिला होता. शिंपीणबाई माप घेता घेता थांबल्या. पुन्हा टेप लावली. "ताई, डावीकडे जास्त निघतंय. कापूस घालू का उजवीकडे?"

कापूस घातला नाही. शनिवारी सोनोग्राफी केली आणि सोमवारी अर्धी रजा टाकून रिपोर्ट पहिल्यांदाच स्वतः आणला. ४.६ सेंटीमीटर.

डॉ. विजयमाला यांनी फिल्म उजेडाकडे धरली.

"मागची कधी केलीस?"

"जानेवारीत. नॉर्मल होती."

"नॉर्मल म्हणजे किती सेंटीमीटर?"

बग क्रमांक ४११७ मधली तारीख मला पाठ होती, माझ्याच अंगातलं माप माहीत नव्हतं.

"सुई पुन्हा करू," त्या म्हणाल्या, "पण ही आता काढायची."

"कॅन्सर आहे?"

"नाही वाटत. साधीच वाटते. पण साधी म्हणजे ठेवायची, असा कुठे कायदा आहे? लहान आहे, जागच्या जागी आहे, पेशींमध्ये शंका नाही, तर ठेवायची. तीनच्या पुढे गेली, भराभर वाढायला लागली, दुखते, आकार बिघडवते, किंवा एक तपासणी एक सांगते आणि दुसरी दुसरं, तर काढायची. तुझी साडेचारच्या वर आहे आणि चार महिन्यांत बाळसं धरलंय तिनं."

"पण सुईत साधी आली तर?"

"सुईत येतात चिमूटभर पेशी. आणखी एका जातीची गाठ अगदी अशीच दिसते, आणि तीही अशीच भरभर वाढते. तीही बहुतेक साधीच असते, पण काढताना भोवतालची कड घेऊन काढावी लागते, नाहीतर परत येते. क्वचित त्यातली एखादी वाईट निघते. चिमटीवरून मी शपथ कशी घेऊ? अख्खी गाठ तपासायला गेली की कळतं."

"एकवीस मेला साक्षगंध आहे. म्हणजे साखरपुडा. आमच्याकडे साक्षगंध म्हणतात."

"छान. मग गाठीला आमंत्रण आहे का विचार." त्यांनी डायरी उघडली. "नऊ मे, मंगळवार. सगळे जुने रिपोर्ट घेऊन ये. मला वाढीचा वेग बघायचाय."

दुसरी सुईही साधीच आली. डॉक्टरांनी नऊ तारीख बदलली नाही.

*

रविवारी खडकीला गेले. आई, सुशीलाबाई, साक्षगंधाच्या तयारीसाठी वर्ध्याहून आली होती आणि पलंगावर साड्या मांडून बसली होती. मी सगळं एका दमात सांगितलं.

मामांनी आधी टीव्ही बंद केला. "साधी आहे ना?"

"साधी आहे. मोठी झालीय. काढायची आहे."

"मग लग्न झाल्यावर काढ. डिसेंबरात लग्न, जानेवारीत काढ."

"आठ महिने?"

"साधी आहे तं घाई काहून, हे विचारून राहिलो मी."

"आणि साधी आहे तर थांबायचं कशाला? मामा, तुम्ही म्हणता, मुहूर्त आपण मानत नाही. मग एकवीस तारखेला काय एवढं चिकटलंय?"

"तो मुहूर्त नाही. हॉलची तारीख आहे."

"मी हॉलच्या बारा दिवस आधी काढतेय. हॉलला काही होणार नाही."

"चिरा?" मामा आता उभे राहिले. "छातीवर चिरा पडला का पोराकडचे विचारतीन, काय झालं होतं. गाठ म्हटलं का लोक एकच समजते. तू दहा रिपोर्ट दाखव, ते अकरावी गोष्ट बोलतीन. तुले काय, तू लॅपटॉप उघडून बसशीन. तोंड मले द्या लागते."

आई साडीची घडी मोडून पुन्हा घालत होती. "पूर्णिमा, नंतर दूध येईन ना बाई?"

"बहुतेकींना येतं, डॉक्टर म्हणाल्या. आणि आई, अजून लग्न नाही, मूल नाही, तू दुधापर्यंत पोचलीस. मामा लोकांपर्यंत पोचले. दुखतंय का, एवढं तरी विचारा ना कुणीतरी."

"दुखते का?" आईनं विचारलं.

"हो."

मी म्हटलं, "मामा, फाईल द्या. डॉक्टरांना जुने रिपोर्ट पाहिजेत."

"मी देतो त्याइले नेऊन."

"फाईल द्या."

मामांना कपाटाची किल्ली सापडायला फार वेळ लागला. एरवी ती त्यांच्या करदोट्याला असते.

फाईल सुंदर होती. खरंच. चार रिपोर्ट, चारही तारीखवार. प्रत्येकात 'बिनाइन', म्हणजे साधी, या शब्दाखाली लाल शाईची, पट्टी लावून मारलेली रेघ. पहिला, जुलै २००४, दीड सेंटीमीटर. दुसरा, तेवढीच. तिसरा, एक पूर्णांक सहा. चौथा, जानेवारी २००६, दोन पूर्णांक सात. त्यातही बिनाइनखाली लाल रेघ. त्याच्या खाली एक ओळ होती, तिच्याखाली रेघ नव्हती. मागील तपासणीच्या तुलनेत लक्षणीय वाढ, सर्जनचा सल्ला घ्यावा.

"मामा, हे वाचलं होतं?"

"वाचलं होतं."

"मला नॉर्मल म्हणालात."

"साधी म्हणालो. साधीच लिवली आहे तिथं."

"नॉर्मल म्हणालात. आणि ही खालची ओळ?"

"बावीस जानेवारीले मेळावा होता," मामा भिंतीकडे बघत म्हणाले. "वधू-वर परिचय मेळावा. सहाशे लोकांसमोर स्टेजवर तू उभी राहणार होती. घाबरून गेली असती तं चेहऱ्यावर दिसलं असतं. मी म्हटलं, मेळावा होऊन जाऊ दे. मग अनिरुद्धचं स्थळ आलं. मग म्हटलं, साक्षगंध होऊन जाऊ दे."

"आणि मग लग्न होऊन जाऊ दे."

"तुझ्याच भल्यासाठी केलं, पोरी."

"काय लिवलं आहे त्याच्यात?" आईनं विचारलं. मी ती ओळ मराठीत सांगितली. आईनं साडी खाली ठेवली.

"रामदास," ती म्हणाली, "मले इंग्रजी येत असतं तं मीच वाचलं असतं. तिले तूच शिकवलं अन् तिलेच नाही वाचू दिलं?"

*

नोंद.

काय घडलं: सर्जनचा सल्ला घ्यावा, ही ओळ जिच्यासाठी लिहिली तिला मिळाली नाही.

कसं घडतं: रिपोर्ट ऑफिसच्या वेळेत द्या. आणणारा पुरुष नेमा. त्याला एकच शब्द शोधायला सांगा. शब्द सापडला की वाचणं थांबेल.

अपेक्षित निकाल: जिचं अंग, तिच्या हातात कागद.

प्रत्यक्ष निकाल: पार्किंगमध्ये मामा.

आधी घडलं आहे का: शेजारी विचारा. आत्याला विचारा. रिपोर्ट कुणी आणला आणि मोठ्यानं काय वाचून दाखवलं, एवढंच विचारा.

गंभीरता: ही मी कमी लिहिणार नाही.

*

अनिरुद्ध गजभिये, मेळाव्यातून ठरलेला मुलगा, औंधला राहायचा, माझ्यासारखाच आयटीत. त्याला इतरांकडून कळण्यापेक्षा मीच फोन केला.

"कॅन्सर वगैरे नाही ना?"

"नाही."

"मग सर्जरीची नीड काय आहे?"

मी डॉक्टरांचं सगळं सांगितलं. तीनच्या पुढे, चार महिन्यांत दोन पूर्णांक सातची चार पूर्णांक सहा, चिमूटभर पेशी. तो "ओके, ओके" करत होता.

"मार्क दिसेल का?"

"कुणाला?"

"नाही, म्हणजे जनरल विचारलं. घरी आईशी बोलतो आणि तुला सांगतो."

*

नऊ मे. हॉस्पिटलचं ॲडमिशन काउंटर. मी आणि श्रद्धा. काचेमागच्या बाईंनी चष्मा नाकावर ओढून फॉर्म भरायला घेतला.

पेशंटचं नाव. सांगितलं.

वय. सत्तावीस.

पती किंवा पालक.

"मिस्टर?"

"नाहीत."

"मग वडील."

"वारले."

"भाऊ?"

"नाही."

"तुमच्याकडे कुणी मोठं माणूस नाही का?"

"मी सत्तावीस वर्षांची आहे."

"ते मी आत्ताच लिहिलं. मी मोठं माणूस विचारलं."

"मामा आहेत. ते येणार नाहीत. सही करणार नाही म्हणालेत."

"मग कसं होणार? उद्या काही झालं तर आम्ही कुणाला विचारायचं?"

श्रद्धा पुढे सरकली. "मॅडम, ही तीन निवडणुकांत मतदान करून आली. तिथं नाही कुणी मामा मागितले."

"मतदानाला भूल देतात का?" बाई म्हणाल्या.

"सही भूल देण्याआधीच करायची आहे ना पण?"

"हे बघा, मला नियम शिकवू नका. बाईमाणसाचं ऑपरेशन, त्यातून अशा जागेचं. उद्या तुमच्या घरच्यांनी येऊन आरडाओरडा केला की ऐकायचं मी."

अशा जागेचं. मी म्हटलं, "जागा माझी आहे. आरडाओरडा मीच करीन, आणि तो आत्ता, इथेच."

मी खरंच केला. अठ्ठावीस ओळींचा तो फॉर्म हातात धरून मी रांगेतल्या सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवला. कुठं लिहिलंय सज्ञान बाईला मामा लागतो, दाखवा. एक आजोबा म्हणाले, बरोबर आहे तिचं. एक आजी म्हणाल्या, आजकालच्या मुली. आवाज ऐकून डॉ. विजयमाला जिन्यातून खाली आल्या, फॉर्म माझ्या हातातून घेतला, काउंटरवर ठेवला.

"सही पेशंटची. पेशंट शुद्धीवर आहे, जरा जास्तच. दुसरी सही साक्षीदाराची. साक्षीदार कुणीही चालेल."

"मराठीत चालंन का?" मागून आवाज आला.

आई होती. पुण्यात कधी एकटी दुधाच्या बूथपर्यंत न गेलेली माझी आई खडकीहून दोन बस बदलून आली होती. मामांना सांगून आली होती की न सांगता, ते मी विचारलं नाही. हातात लाल टॅगची ती फाईल होती, त्या रविवारी मामांनी परत कपाटात ठेवलेली.

काचेमागच्या बाईंनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "चालेल. सुवाच्य करा."

मी सही केली. मग आईनं पेन घेतलं आणि सुशीलाबाई शामराव रामटेके हे सगळे शब्द, एकही अक्षर न गाळता, सावकाश लिहिले. रांग थांबून राहिली.

*

ऑपरेशनला पाऊण तास लागला. चिरा खालच्या घडीत, बोटभर लांब. एक रात्र तिथं, मग धायरीला. आईनं आठ दिवस मला पाण्याची बादली उचलू दिली नाही.

चौदा तारखेला अनिरुद्धच्या वडिलांचा मामांना फोन आला. मुलाचं ऑनसाइटला जायचं चाललंय, तेव्हा आपण जरा थांबू, पुढच्या वर्षी बघू. हॉलची तारीख सुटली. मामांनी मला एसेमेस केला, इंग्रजीत, एका ओळीत. हॉल कॅन्सल.

सतरा तारखेला गाठीचा रिपोर्ट मिळाला. पाच ते सात. मी सव्वापाचला काउंटरवर होते. पाकीट तिथंच फोडलं आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या सहीपर्यंत दोनदा वाचलं. फायब्रोॲडिनोमा. पूर्ण निघालेली. दुसरं काही नाही.

त्या संध्याकाळी, आठ दिवसांनी पहिल्यांदा, मामांचा फोन.

"साधीच निघाली म्हणे."

"हो."

"मी काय म्हणून राहिलो होतो पहिल्या दिवसापासून?"

मी धायरीच्या गॅलरीत उभी होते. टाके ओढत होते. काय सांगू या माणसाला? साधी होती हे अख्खी काढून, चकत्या करून, काचेखाली बघितल्यावर कळलं, तुमच्या लाल रेघेवरून कळलं नाही. वाईट निघाली असती तर मी शहाणी ठरले असते आणि साधी निघाली म्हणून मी लग्न मोडणारी. माझ्या शहाणपणासाठी मला कॅन्सरच व्हायला पाहिजे होता का? वाढत्या गाठीचं ओझं चार महिने मी वागवलं, कुशीवर झोपता येत नव्हतं, आणि त्या चार महिन्यांतला एकही दिवस तुम्ही मला विचारून खर्च केला नाही. हे सगळं मी बोलले. मोठ्यानं बोलले. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी गॅलरीचं दार लावून घेतलं.

"बरं," मामा म्हणाले. "रिपोर्टची एक झेरॉक्स दे. फायलीले लावतो."

"नाही," मी म्हटलं. "फाईल आता माझ्याकडे आहे."

आईला आतल्या खोलीत सगळं ऐकू गेलं होतं. तिनं माझ्या हातून रिपोर्ट घेतला, इंग्रजी ओळींवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "वाच. पूर्ण वाच. मले समजो का न समजो."

मी वाचला.

मेळाव्यानंतरच्या पहिल्याच भेटीत, चहा येण्याआधी, अनिरुद्धनं मला सांगितलं होतं की २००३ मध्ये त्याचं हर्नियाचं ऑपरेशन झालं आहे. मार्क दिसतो का, असं मी विचारलं नव्हतं.